बारा मैलांच्या पलीकडचा देवमासा



विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी संयोजकांना विचारले, की नाशकात देवमाशावर व्याख्यान कशासाठी? इथून समुद्र दिसत नाही आणि गोदामाईचे पाणी तर पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागराला जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर, ज्यांच्या स्मरणार्थ आजचे हे पुष्प गुंफले जात आहे त्या गुरुजींच्या भूगोलाच्या तासात सापडते. ते फळ्यावर सह्याद्रीची एक रेघ काढीत आणि त्र्यंबकच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे करून दाखवीत. एक वाटा गोदावरीचा. दुसरा वैतरणेचा, आणि वैतरणा पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते. पेठ-सुरगाण्याकडची दमणगंगा आणि पारही तिकडेच जातात. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे पाणी दोन्ही समुद्रांना पोचते.

पाण्याबरोबर मालही जातो. निफाड-दिंडोरीची द्राक्षे शीतपेट्यांतून न्हावा-शेवाला जातात आणि तिथून रॉटरडॅमच्या जहाजावर चढतात. लासलगाव-पिंपळगावचा कांदा कोलंबोला आणि मलेशियाला जातो. पहिले जहाज नेहमीच्या वाटेने गेले तर अरबी समुद्र आडवा ओलांडून ओमानच्या किनाऱ्याच्या बाजूने एडनच्या आखाताकडे वळते. दुसरे कोकण, गोवा, केरळ असे खाली उतरते आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालते. या दोन्ही वाटा देवमाशांच्या घरातून जातात. त्यामुळे त्यांना कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा विचार करण्याचा नाशिककरांना अधिकार आहे आणि ते त्यांचे कामही आहे, असे मी मानतो.

प्रथम या समुद्राविषयी. देवमासे थंड प्रदेशातले, उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला जाणारे आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात वीण घालायला येणारे, असे आपण शाळेत वाचले. अरबी समुद्रातला हंपबॅक देवमासा हा नियम पाळत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याला तळाचे थंड, सकस पाणी वर येते, त्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्यामागे मासळी येते. घरच्या घरी पोट भरत असल्यामुळे हा प्राणी ध्रुवाकडे जातच नाही. तो इथेच जन्मतो आणि इथेच मरतो. जनुकीय अभ्यास सांगतो, की सुमारे सत्तर हजार वर्षांपासून तो आपल्या इतर भाऊबंदांपासून वेगळा आहे. ओमानच्या पाण्यात त्याची मोजदाद झाली तेव्हा अंदाज शंभराच्याही खाली आला.

२०१७ च्या हिवाळ्यात ओमानमध्ये संशोधकांनी एका मादीला उपग्रहाशी जोडलेली खूण लावली. तिचे नाव ‘लुबान’, म्हणजे ऊद. ही लुबान अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली, किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. तोवर ओमानचे देवमासे ओमानचेच, अशी समजूत होती. त्यानंतर, २०१८ मध्ये, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने अत्यंत संकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात अरबी समुद्रातल्या हंपबॅकचा समावेश केला. एका मादीच्या प्रवासाने एका देशाची जबाबदारी नकाशावर उमटली, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्या किनाऱ्यालगतही देवमासे आहेत. सिंधुदुर्गात तारलीच्या थव्यांमागे येणारा ब्रायड्स देवमासा मच्छीमारांच्या ओळखीचा आहे. २०१५ साली देवगड तालुक्यात कुणकेश्वरच्या समोर निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली, त्यात पिल्लासह मादीही होती. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला. लोकांनी त्याला पाण्यात ढकलण्याची शिकस्त केली, पण तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला एक मृत देवमासा वाहत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या गर्दीत, गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले. गावकरी, वनखाते, मत्स्यव्यवसाय विभाग, पोलीस अशा सगळ्यांनी मिळून सुमारे चाळीस तास त्याला ओले ठेवले, पट्टे बांधले आणि टगबोटीने खोल पाण्यात नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा किनाऱ्याला लागले, या वेळी मृत. आजारी असल्याखेरीज किंवा आईपासून तुटल्याखेरीज एवढेसे पिल्लू सहसा किनाऱ्याला येत नाही, म्हणजे खरी इजा किनाऱ्यावर येण्याच्या आधीच झालेली असते. या चाळीस तासांचे मोल कमी नाही. पण जी इजा समुद्रात होते तिला कायदा पोचतो का, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत देवमासे आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. शिकारीला तीन ते सात वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड. देवमाशाच्या शरीरातून आलेला कोणताही पदार्थ विकणे गुन्हा आहे. अंबरग्रीस, ज्याला वर्तमानपत्रे ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात, त्यासाठी मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत होणाऱ्या अटका याच कलमांखाली होतात. घटनेच्या पातळीवर, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्याला आणि नागरिकांना पर्यावरणरक्षणाचे कर्तव्य सांगणारे अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) आले आणि वन्यप्राण्यांचे संरक्षण समवर्ती सूचीत गेले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९४६ चा देवमासेमारी करार आहे. त्याखालच्या आयोगाने १९७९ मध्ये, सेशेल्स या चिमुकल्या देशाच्या प्रस्तावावरून, दक्षिणेला ५५ अंशांपर्यंतचा सगळा हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य ठरवला. आपला अरबी समुद्र त्यात येतो. भारत १९८१ मध्ये आयोगाचा सदस्य झाला, आणि व्यापारी देवमासेमारी थांबवण्याचा ठराव १९८२ चा आहे.

हे अभयारण्य का हवे होते, हे नंतर कळले. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या देवमासेमारी ताफ्यांनी अरबी समुद्रात गुपचूप शिकार केली आणि आयोगाला खोटे आकडे दिले. १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोर त्यांनी २४२ हंपबॅक मारले. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर, नव्वदच्या दशकात, खुद्द तिथल्याच शास्त्रज्ञांनी खरे दप्तर उघड केले. आज जी संख्या शंभराच्या आत दिसते तिच्यामागे त्या एका वर्षाची कत्तल आहे.

म्हणून मी अभयारण्याला कमी लेखत नाही. पण त्या अभयारण्यात मनाई आहे ती व्यापारी शिकारीला. जाळ्याला नाही, जहाजाला नाही, इंजिनांच्या गोंगाटालाही नाही. आणि आपल्या समुद्रात देवमाशाला आज हार्पूनने कोणीच मारत नाही. तो जाळ्यात अडकतो आणि श्वास घ्यायला वर येता न आल्याने गुदमरतो, किंवा जहाजाचा धक्का बसून मरतो. जे संकट संपले त्याच्याविरुद्ध आपला कायदा सर्वांत कडक आहे, आणि जे संकट चालू आहे त्याच्यापुढे तो चाचपडतो.

सीमारेषा आखून भागत नाही याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. त्या देशाने आपल्या सागरी हद्दीत देवमाशांचे अभयारण्य केले आणि त्यात शिकार करणाऱ्या जपानी कंपनीविरुद्ध तिथल्या फेडरल न्यायालयाने २००८ मध्ये मनाई हुकूम दिला. हद्द अंटार्क्टिकाच्या समोरची होती आणि ऑस्ट्रेलियाचा तिथला दावा जपानला मान्यच नव्हता. शिकार चालू राहिली. २०१५ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल कंपनीला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, तोवर कित्येक मोसम उलटून गेले होते. निकाल अचूक होता, पण त्याची अंमलबजावणी करायला समुद्रावर कोणी नव्हते. आपल्याकडे समुद्रावर कोणी आहे: आपले मच्छीमार. त्यांच्याविषयीच आता बोलतो.

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे आपल्या नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीचा साधारण नववा हिस्सा. त्यातला गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा, तीन चौरस किलोमीटरांच्या आसपास. तिथे प्रवाळ आहे, शेवाळाच्या कितीतरी जाती आहेत, आणि संरक्षण द्यावे अशीच ती जागा आहे. मात्र तेव्हाचे कलम १८ असे होते, की सरकारने अधिसूचना काढली की अभयारण्य झाले, आणि लोकांच्या हक्कांची जिल्हाधिकाऱ्यांमार्फत चौकशी त्यानंतर. आधी घोषणा, मग विचारणा. ज्या पाण्यात मासेमारी करणारा गाबित समाज पिढ्यान्‌पिढ्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढत आला, ते पाणी त्यांना न विचारता अभयारण्य झाले. तिथला विरोध तेव्हापासून आजवर मावळलेला नाही. मालवणात या विषयावर कुणाशीही बोला, चार वाक्यांच्या आत ऐकू येते: “आमका कोणी इचारूक नाय.”

ही तक्रार खरी होती याची कबुली कायद्यानेच दिली. १९९१ च्या दुरुस्तीने कलम १८ बदलले. आता सरकार प्रथम फक्त इरादा जाहीर करते. सागरी हद्दीसाठी कलम २६-अ वेगळे आले. त्यानुसार क्षेत्र ठरवताना नौदलाच्या मुख्य जलालेखकांचा सल्ला घ्यायचा, केंद्राची संमती घ्यायची, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज केल्यानंतरच सीमा ठरवायची. त्या ‘नंतरच’ला माझ्या दृष्टीने सगळ्या कलमाएवढे वजन आहे. मालवणसाठी ही तरतूद चार वर्षे उशिरा आली.

आता जाळ्याकडे येतो. समजा, रात्री टाकलेल्या जाळ्यात देवमाशाचे पिल्लू सापडले. कायद्यात शिकारीची व्याख्या रुंद आहे. मारणे आले, पकडणे आले, सापळ्यात अडकवणे आले, इजा करणेही आले. चुकून मारल्या गेलेल्या प्राण्याचा उल्लेख कलम ३९ मध्ये आहे, पण तो मालकीपुरता: असा प्राणी सरकारची मालमत्ता, आणि ज्याच्या ताब्यात तो आला त्याने अठ्ठेचाळीस तासांत कळवायचे. आता त्या नौकेवरच्या तांडेलाच्या जागी स्वतःला ठेवा. कळवले तर चौकशी, पंचनामा, धंद्याचे दिवस बुडणार. न कळवता जाळे कापून दिले तर कोणालाच काही कळत नाही. भीतीमुळे प्रामाणिक माणूस गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यामुळे आपल्याला किती देवमासे जाळ्यात मेले हे कधीच समजत नाही. शिक्षेचा आकडा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. उलट जितकी शिक्षा मोठी, तितकी मूठ झाकलेली.

याच्या उलट दिशेचे एक पाऊल महाराष्ट्राने टाकले आहे आणि त्याचे मी मनापासून कौतुक करतो. डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित सागरी प्राण्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराने आपले जाळे कापले तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कांदळवन प्रतिष्ठान आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना चालवतात. सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत द्यायची आणि अर्ज करायचा. सर्वाधिक सुटका कासवांची होते, पण बहिरी म्हणजे व्हेल शार्क आणि डॉल्फिनही सुटले आहेत. गुजरातेत २००४ पासून मोरारी बापूंच्या प्रवचनांतून आणि अशाच भरपाईतून व्हेल शार्क वाचवण्याची मोहीम उभी राहिली होती. तो देवमासा नव्हे, मासाच. पण त्याच्या बाबतीत जे घडले ते देवमाशाच्या बाबतीतही घडू शकते.

माझे म्हणणे असे, की ही भरपाई शासकीय योजनेच्या मेहेरबानीवर न ठेवता कायद्यात आणावी. चुकून अडकलेल्या प्राण्याची खबर देणाऱ्याला, त्याने दगाफटका केलेला नसल्यास, खटल्यापासून संरक्षण मिळावे, आणि तसे वन्यजीव अधिनियमातच लिहावे. जाळ्याच्या किमती वाढल्या तशी रकमेची मर्यादाही वाढावी, आणि पैसे हंगामाच्या आत हाती पडावेत. जाळे कापणाऱ्याला दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचे असते. पुढच्या आर्थिक वर्षात येणाऱ्या धनादेशाचा त्याला काय उपयोग?

दुसरे संकट जहाजांचे, आणि इथे कायद्याची भौगोलिक अडचण सुरू होते. कलम २६-अ मधल्या अभयारण्याची धाव प्रादेशिक समुद्रापर्यंत, म्हणजे १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमानुसार बारा सागरी मैलांपर्यंत. त्या बारा मैलांतही, कोणत्याही जहाजाचा निरुपद्रवी जाण्यायेण्याचा हक्क अबाधित राहील, असे त्याच कलमात लिहिले आहे. अभयारण्यात रापणीच्या होडीला अटी, आणि कंटेनर जहाजाला मोकळी वाट! आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार हा हक्क काढून घेता येत नाही हे मला मान्य आहे. पण हक्क जाण्याचा आहे, वाटेल त्या वेगाने जाण्याचा नाही. अमेरिकेने २००८ पासून आपल्या पूर्व किनाऱ्यावर, राइट व्हेल वावरतात त्या पट्ट्यांत आणि त्या काळात, ६५ फुटांहून मोठ्या जहाजांना दहा नॉटची मर्यादा घातली. श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांचे चरण्याचे पाणी आणि जगातला एक अतिशय गजबजलेला जहाजमार्ग एकावर एक पडतात. तिथे २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने स्वतःहून आपला मार्ग सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला. आपला कांदा मलेशियाला जातो तो याच मार्गाने.

बारा मैलांच्या पलीकडे काय? पलीकडे दोनशे मैलांपर्यंत देशाचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. तिथली मासेमारी घटनेच्या संघ सूचीत, सागरी नौवहनही संघ सूचीत. राज्य सरकारला तिथे अभयारण्य करता येत नाही. आणि देवमासा राहतो तो बहुतांशी तिथे.

महाराष्ट्रापुढे याचे एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभर किलोमीटरांहून थोडे दूर समुद्राच्या तळातून एक पठार वर आले आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे, आणि त्यावर प्रवाळाची विस्तीर्ण वसाहत आहे. नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्रे यांच्यावरून. ज्या सरखेलाने परवाना नसलेले जहाज आपल्या पाण्यातून जाऊ दिले नाही, त्याच्या नावाच्या पठारावर आपल्या राज्याची हद्दच पोचत नाही. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने यावर योग्य मार्ग शोधला. १९७६ च्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार केंद्र सरकारला आर्थिक क्षेत्रातला एखादा भाग ‘नियुक्त क्षेत्र’ म्हणून जाहीर करता येतो, आणि तिथल्या साधनसंपत्तीच्या व सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी तरतुदी करता येतात. आंग्रियासाठी ते करावे असा प्रस्ताव केंद्राकडे पाठवण्याचे ठरले.

ही वाट मला अभयारण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. मूळ कायदा तेल, वायू आणि मासळी यांच्या मालकीसाठी झाला, पण त्यातल्या या एका उपकलमात जहाजांचा वेग, मोसमी मार्गबदल, भूकंपीय सर्वेक्षणाच्या स्फोटांना विणीच्या दिवसांत मनाई, हे सगळे बसू शकते. लक्षद्वीपजवळ पाण्याखाली लावलेल्या ध्वनियंत्रांनी निळ्या देवमाशांची गाणी टिपली, त्यांचा जोर एप्रिल-मेमध्ये असल्याचे दिसले. म्हणजे कोणत्या महिन्यांत काळजी घ्यायची याचे उत्तर हळूहळू हाती येत आहे. त्यानुसार नियम करण्याचे अधिकार असलेले नौवहन महासंचालनालय तर मुंबईतच आहे.

हे करताना मालवणची पुनरावृत्ती होऊ नये. आंग्रियावर देवगड-विजयदुर्गाच्या नौकाही जातात. तिथल्या मच्छीमार सोसायट्यांना मसुदा मराठीत मिळावा, सुनावणी मुंबईत न होता बंदरावर व्हावी आणि पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत व्हावी, जेव्हा माणसे घरी असतात. १९९१ च्या दुरुस्तीतला तो ‘नंतरच’ बारा मैलांच्या पलीकडच्या कायद्यात लिहिलेला नाही. तो आपण मागून घेतला पाहिजे.

शेवटी नाशिककरांना एक विनंती. पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर उभे राहत आहे. ते देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक असेल, आणि आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्गाला ते जोडण्याचे बेत आहेत. उद्या आपली द्राक्षे तिथून निघतील. युरोपातले खरेदीदार आपल्या बागायतदारांना औषधांच्या अंशांचे दाखले मागतात आणि आपले शेतकरी ते देतात. द्राक्ष बागायतदारांच्या आणि कांदा निर्यातदारांच्या संघटनांनी जहाज कंपन्यांना तसेच दोन प्रश्न लेखी विचारावेत: ओमान आणि श्रीलंकेच्या समोर तुमचे जहाज कोणत्या मार्गाने जाते, आणि किती वेगाने? पुढच्या हंगामाचे करार होतात तेव्हाच, माल भरण्याच्या अटींबरोबर, हे प्रश्न घालता येतील. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मसुदा करून द्यायला मी तयार आहे.